पहिल्यांदा हॉस्टेलला राहतोयस? कुलूप घरूनच घेऊन जा

गोव्यात अंजुना-वागातोरकडे डॉर्ममध्ये, म्हणजे अनोळखी लोकांसोबत एकाच खोलीत वेगवेगळ्या बेडवर, राहणार असशील तर घाबरू नकोस, खरा ताप भुरट्या चोरीचाच, आणि त्यासाठी चोर बाहेरून यावा लागत नाही, शेजारच्या बेडवरचा पण पुरतो. लॉकर असतो पण कुलूप बऱ्याच ठिकाणी आपलंच लागतं. जाड कडीचं नेऊ नकोस, ते भोकात जातच नाही, बारीक कडीचं नंबरवालं घे म्हणजे बीचवर चावी सांभाळायची कटकट नाही. आणि आधी कोयंडा हलवून बघ, स्क्रू लटकत असतील तर कितीही भारी कुलूप लाव, काय उपयोग, सरळ दुसरा लॉकर माग.

फोन रात्री चार्जिंगला लावून उशापासून लांब ठेवू नकोस, पॉवरबँक वापर. आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवर फुकट मिळतं.

बुकिंगआधी रिव्ह्यू नवीन आधी लावून वाच, जुन्या कौतुकाला काय चाटायचंय! ट्रेन थिवीमला रात्री पोचत असेल तर रिसेप्शनला माणूस असेल का ते फोन करून विचार. बहीण किंवा मैत्रीण सोबत असेल तर फिमेल डॉर्मच्या दाराला आतून नीट कडी आहे का ते पैसे द्यायच्या आधीच बघायला सांग. बंक वरचा मिळाला तर पाकीट गादीखाली नको, खाली पडतं. आणि कोणी दारू पिऊन फारच त्रास देत असेल तर रिसेप्शनला सांग, नाही ऐकलं तर सरळ पोलिसांना ११२ वर फोन कर.