खंदकाने दहा हजारांना कसं थोपवलं?

‘दहा हजारांची फौज एका चरापाशी अडते कशी? उतरून पलीकडे चढायचं, नाहीतर सरळ माती लोटून बुजवायचा,’ असं तुम्ही मक्केच्या कुरैश टोळीने मित्रटोळ्यांना घेऊन मुसलमानांच्या मदिनेला घातलेल्या वेढ्याबद्दल विचारलंय. शंका रास्त आहे, पण आधी मदिनेचा भूगोल बघा.

गावाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला लाव्हाच्या काळ्या, धारदार दगडांची पठारं आहेत. तिथून घोडा दौडवणं अशक्यच. दक्षिणेला खजुराच्या दाट बागा आणि गढ्या. घोडदळाला मोकळं रान होतं ते फक्त उत्तरेला. 627 साली पैगंबरांचे इराणी साथीदार सलमान फारसी यांच्या सल्ल्याने तेवढीच बाजू खणली. दहा-दहा जणांच्या टोळीला चाळीस हात लांबी नेमून दिली होती आणि पैगंबरांनी स्वतः माती वाहिली, असं परंपरा सांगते. उपसलेली माती आतल्या अंगाला टाकली, त्यामुळे आयता बांध मिळाला. त्यामागे सुमारे तीन हजार माणसं, पाठीशी सलअचा डोंगर.

घोडदळाचा एवढा धसका का, तर दोनच वर्षांपूर्वी उहुदच्या लढाईत मुसलमान तिरंदाजांनी जागा सोडली आणि तेव्हा कुरैशांकडून लढणाऱ्या खालिद बिन वलीदच्या स्वारांनी मागून येऊन डाव उलटवला होता.

आता बुजवण्याचं. त्यासाठी बांधावरून येणारे बाण झेलत तासन् तास पायदळाला राबवावं लागतं. लुटीच्या आशेने जमलेले टोळीवाले ते कशाला करतील? कुरैशांचा योद्धा अम्र बिन अब्द वुद्द आणि काही स्वारांनी अरुंद जागी घोडे पलीकडे घातले खरे, पण अम्र पैगंबरांचे जावई अली यांच्या हातून मारला गेला.

माझ्या मते खंदकाने खरं तर वेळ मिळवून दिला, आणि वेढा घालणाऱ्यांना तोच परवडत नव्हता. शेतातलं पीक आधीच काढून घेतलेलं, त्यामुळे घोड्यांना चाऱ्याची ओढाताण. कुरैशांच्या सोबतची गतफान टोळी आली होती ती मदिनेच्या उत्तरेकडच्या खैबरच्या खजुरांच्या वाट्यासाठी. तिला मदिनेचे एक तृतीयांश खजूर देऊन परत पाठवण्याची बोलणीही झाली, पण मदिनेतले एक सरदार साद बिन मुआझ यांनी साफ नकार दिला. अशी ही आघाडी!

मदिनेला खरा धोका होता आतून. आग्नेयेकडच्या बनू कुरैझा या ज्यू टोळीने मुसलमानांशी केलेला करार मोडून कुरैशांशी संधान बांधलं होतं. तिथे गुपचूप मुसलमान झालेला गतफानांपैकी नुऐम बिन मसूद उपयोगी पडला. कुरैझांना तो म्हणाला, ‘कुरैश निघून गेले तर तुमचं काय? आधी ओलीस मागा.’ आणि कुरैशांना जाऊन सांगितलं, ‘ते ओलीस मागतील, पण मुसलमानांच्या हवाली करायला.’ मागणी आली, कुरैशांची खात्रीच पटली! पुढे थंडी आणि वादळी वाऱ्याने तंबू उखडले, कुरैशांचा म्होरक्या अबू सुफियानने काढता पाय घेतला. एवढ्या मोठ्या फौजा समोरासमोर असून दोन्हीकडचे मिळून मोजकेच लोक पडले.

वेढा उठताच मोर्चा बनू कुरैझांकडे वळला. ते शरण आल्यावर पुरुषांना ठार केलं, बायकामुलांना गुलाम केलं. खंदकाचं कौतुक करणारे बरेच जण हा भाग गाळतात, पण तो याच मोहिमेचा भाग आहे.