नवा छोटा लॅपटॉप घेण्याआधी

तू देवगडला राहतोस, म्हणून आधी हवेचं बोलतो. आपला खारा, दमट वारा कशालाच सोडत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या चार्जिंग पोर्टमध्ये दुसऱ्याच पावसाळ्यात हिरवट थर चढला होता. केबल तिरकी दाबून धरली तरच चार्ज व्हायचा. पंखा नसलेलं मॉडेल बसतंय का बघ, बाहेरची हवा सतत आत ओढली जात नाही. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ चिपच्या मॉडेलपासूनचे ॲपलचे मॅकबुक एअर तसेच आहेत. मात्र तासभर व्हिडिओ एडिटिंग केलंस तर ते तापून मंदावतात.

रॅमवर पैसे वाचवू नकोस. अशा पातळ मशीनमध्ये ती बहुतेक वेळा मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. १६ जीबीच घे. स्टोरेज कमी पडलं तर बाहेरून एसएसडी लावता येते.

आणि नवं मॉडेल बाजारात आल्या आल्या उडी नको. दोनेक महिने जाऊ देत, काही खोट असली तर तोवर कळते, दिवाळीच्या सेलमध्ये भावही बऱ्याचदा उतरतो. दुरुस्तीला रत्नागिरी पुरेल की थेट कोल्हापूर गाठावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचार. घरी येऊन दुरुस्त करून देणारी वॉरंटी तुझ्या पिनकोडला लागू आहे का, तेही लेखी घे.