आणि स्प्रेनंही फरक पडला नाही तर?

"ताई, डिप्रेशनच्या गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाले. आता डॉक्टर नाकातल्या स्प्रेचं म्हणतायत. त्यानंही काही झालं नाही तर?"

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न हल्ली मला सारखा ऐकू येतो. कधी पेशंट विचारतो, कधी त्याची बायको, कधी सहा महिन्यांसाठी इकडे आलेली आई. म्हणून समीरची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

समीर चाळिशीतला, आयटीत नोकरी. दोन वर्षं डिप्रेशन. दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही उपयोग झाला नव्हता. अशा वेळी डॉक्टर फाइलवर 'ट्रीटमेंट रेझिस्टंट डिप्रेशन' असं लिहितात. समीर मला म्हणाला, "म्हणजे माझ्यावर कशाचाच इलाज चालत नाही, हे आता कागदावर आलं."

"कागदावर एवढंच आलंय की दोन औषधं चालली नाहीत," मी म्हटलं. "पुढचं वाक्य तुम्ही जोडलंत."

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. "पाच औषधं झाली" असं सांगणाऱ्या अनेकांनी त्यातलं एकही औषध सहा-आठ आठवडे सलग घेतलेलं नसतं. कुणी तोंड कोरडं पडतं म्हणून सोडलेलं, कुणी बरं वाटायला लागलं म्हणून. थायरॉइड तपासलेलं नसतं, रोजच्या दोन पेगबद्दल डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. स्प्रेचा विचार करण्याआधी हे सगळं डॉक्टरांसमोर मांडा. समीरचं हे सगळं बघून झालं होतं.

त्याच्या आईंची काळजी वेगळी होती. "मॅडम, नेटवर वाचलं, हे केटामाइन आहे म्हणे. पोरं पार्टीत घेतात ते. आजार राहिला बाजूला, माझ्या मुलाला व्यसन लागायचं."

प्रश्न रास्त होता आणि तो उडवून लावणं मला पटत नाही. केटामाइन 1970 पासून अमेरिकेत भूल देण्यासाठी वापरलं जातं. त्याचाच एक भाग म्हणजे एस्केटामाइन. त्याचा स्प्राव्हाटो नावाचा स्प्रे इथे मार्च 2019 मध्ये मंजूर झाला. नेहमीच्या गोळ्या मुख्यतः मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या वाटेनं काम करतात, हे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं. त्याचा गैरवापर होऊ शकतो, हे खरंच आहे. म्हणूनच तो स्प्रे घरी देतच नाहीत. सेंटरमध्ये जायचं, नर्ससमोर स्वतःच्या हातानं घ्यायचा, आधी आणि नंतर बीपी मोजायचं, किमान दोन तास तिथेच थांबायचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रात्रीची झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशी. "पुण्यात भावाला पाठवता येईल का?" असंही मला विचारतात. जो पेशंटच्याच हाती घरी देत नाहीत, तो पाठवणार कसा?

आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कुलूप त्यांच्याकडे." त्यानंतर त्यांनी व्यसनाचा विषय काढला नाही.

पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा. समीर सांगायचा, स्प्रेनंतर थोड्या वेळानं हात आपले नाहीत असं वाटतं, समोरच्या पडद्याच्या रेघा हलतात, आवाज लांबून येतात. तास-दीड तासात ओसरतं. मी त्याला आधीच सांगितलं होतं की हे येतं आणि जातं, त्यामुळे तो घाबरला नाही. अनेकांना त्या वेळी बीपी वाढतं, मळमळतं. बीपीचा त्रास असेल किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर ते आधी सांगायलाच हवं.

तिसऱ्या आठवड्यात तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "फेल." किती बरं वाटतंय याचे रोजचे मार्क त्यानं मोबाइलवर लिहून ठेवले होते, दहापैकी. दोन, दोन, तीन, दोन. गाडीत बसल्या बसल्या त्याची बायको गौरी विचारायची, "काही वाटतंय का?" घरी आल्यावर आई. रात्री तो स्वतःला.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवरची. माणूस घटनेपेक्षा स्वतःच्या हट्टानं जास्त पिळवटतो, हे मी रोज बघते. समीरचा हट्ट स्पष्ट होता: हे औषध लागू पडलंच पाहिजे, नाहीतर मी संपलो. अशा हट्टाखाली तपासलेलं मन दहापैकी दोनच दाखवणार.

तो आकड्यांचा माणूस, म्हणून मी आकडाच दिला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आठव्या आठवड्याअखेर स्प्रे घेणाऱ्यांपैकी सुमारे 27 टक्के लोक जवळपास लक्षणमुक्त झाले होते. तुलनेसाठी दिलेल्या क्वेटियापिन या गोळीच्या गटात सुमारे 18 टक्के.

"म्हणजे चौघांतले तिघं राहिले."

"हो. त्यातल्या काहींना अर्धाअधिक फायदा होतो. बाकीचे काय करतात?"

तो गप्प. मग हळू म्हणाला, "दुसरं काहीतरी घेत असतील."

"काय?"

त्यानंच सांगितलं. डॉक्टरांनी आधी समजावलेलं होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती: गोळीला लिथियम या औषधाची जोड, 2008 पासून इथे मंजूर असलेलं चुंबकीय लहरींचं टीएमएस, आणि ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेला विजेचा नियंत्रित झटका. यादी संपल्यावर मी म्हटलं, "आता ते वाक्य पुन्हा म्हणा." तो बराच वेळ थांबला. "लागू पडावं असं मला फार वाटतं. नाही पडलं तर खूप वाईट वाटेल. पण पुढचं दार आहे."

मग मी मार्कांचा विषय बाजूला ठेवला. "काल सेंटरमधून घरी गेल्यावर काय केलंत?"

"काही नाही. झोपलो. उठून चहा केला."

गौरी शेजारीच होती. ती म्हणाली, "आलं किसून. आणि माझ्यासाठीपण."

"त्यात काय," समीर म्हणाला.

"समीर, दोन वर्षांत तू गॅस पेटवला नाहीयेस." ती रडायला लागली. तो तिच्याकडे बघत राहिला; त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी मुद्दाम काही बोलले नाही.

एवढ्या वर्षांच्या कामातून मला हे पक्कं कळलंय, आणि ते मी ठामपणे सांगते: सुधारणा अनेकदा आधी हातापायांत येते, मनाला ती उशिरा कळते. "कसं वाटतंय?" हा प्रश्न पेशंटला परत काळोखात बघायला लावतो. त्या दिवसापासून घरात तो प्रश्न बंद केला. मार्कांऐवजी समीर रोज केलेली एक गोष्ट लिहू लागला, आणि बरं वाटणाऱ्या तासांत दुसऱ्या दिवशीचं एक काम ठरवू लागला. स्प्रेमुळे मिळालेली उसंत अशी वापरावी लागते. नुसतं खुर्चीत बसून येणाऱ्यांपेक्षा ती वापरणारे पुढे जाताना मी पाहिलेत.

आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. हेल्पलाइनला फोन करा: अमेरिकेत 988, भारतात टेली-मानसचा 14416. घरच्यांनी सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

समीर आता दोन आठवड्यांतून एकदा स्प्रेला जातो, गोळी चालू आहे, ऑफिस अर्धा वेळ. सकाळी अजून जड जातात. गेल्या सत्रात त्यानं विचारलं, "हे बंद कधी करायचं?" ज्यांना चांगला फायदा झाला, त्यांनी स्प्रे चालू ठेवला तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहतं, हे चाचण्यांत दिसलंय. म्हणून तारीख आपण दोघांनी ठरवायची नाही, असं मी सांगितलं. प्रश्न त्यानं डॉक्टरांसाठी वहीत लिहून घेतला.