अल्बमला हो म्हणा, पण कंटेंट आयडीचं आधी लिहून घ्या

तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या व्हिडिओ गेमला संगीतकार चांगला मिळालाय, संगीताचे सहा तुकडे तयार आहेत, अर्धे पैसे दिलेत, बोलणं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर झालंय, खेळ पुढच्या महिन्यात स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) येतोय आणि आता तो विचारतोय, "अल्बम स्पॉटिफायवर टाकू का?" तुमचं म्हणणं, टाकू दे की, झाली तर जाहिरातच होईल. आमच्याकडेही गोष्ट इथूनच सुरू झाली होती, म्हणून सविस्तर लिहितो. माणूस कुठे शोधायचा, मिनिटाला दर किती, हे सगळं तुम्ही पार करून आलाय, त्यात शिरत नाही.

आमचा खेळ पावसाळ्यातल्या घाटात पायी भटकण्याचा. संगीतकार कोल्हापूरचा, अतिशय मन लावून काम करणारा. आमचं बजेट बेताचं होतं, त्यामुळे साउंडट्रॅक विकायचा हक्क त्याच्याकडेच राहील असं ठरलं, आणि ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं. रिलीजच्या आठवड्यात त्याने एका डिस्ट्रिब्यूटरमार्फत (स्पॉटिफाय, यूट्यूब वगैरेंवर संगीत पोचवणारी कंपनी) अल्बम सगळीकडे चढवला. डिस्ट्रिब्यूटरचं नाव घेत नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये यूट्यूबवरून कमाईचा एक पर्याय होता आणि त्यावर आधीपासूनच टिक होती. तो पर्याय म्हणजे कंटेंट आयडी.

पुढचं असं होतं. डिस्ट्रिब्यूटर तुमच्या संगीताची फाइल यूट्यूबला नमुना म्हणून देतो. मग जिथे जिथे तो आवाज जुळेल, त्या व्हिडिओवर आपोआप क्लेम, म्हणजे "हे संगीत आमचं" असा दावा, लागतो. आता खेळाचा व्हिडिओ म्हटला की मागे खेळाचं संगीत वाजणारच. ज्यांना आम्ही हाता-पाया पडून खेळाच्या की (खेळ फुकट मिळवून देणारे कोड) पाठवल्या होत्या, त्यांच्याच व्हिडिओंवर क्लेम लागले. तंबूत बसून पाऊस ऐकण्याचा एक प्रसंग आहे, तिथे तानपुरा आणि बासरी चाळीसेक सेकंद वाजते. तेवढ्या जुळणीवर तासाभराच्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई दुसरीकडे वळली. एका मराठी चॅनेलवाल्या मुलाचा मेसेज आला, "दादा, तुमच्याच गेमचा क्लेम आलाय, व्हिडिओ काढू का?" त्याने तो काढला आणि दुसरा भाग केलाच नाही. त्याला मी काय दोष देणार?

क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवरची कारवाई) नव्हे, चॅनेल बंद पडत नाही. हरकत घेता येते आणि पहिल्या पाच दिवसांत घेतली तर कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते. पण समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. खेळ नवा असतो तेव्हाच लोक बघतात. तिथे महिनाभर कोण थांबणार?

आणि खरा मनस्ताप झाला तो त्या डिस्ट्रिब्यूटरच्या मदतकक्षाचा. संगीतकाराने स्वतः लिहिलं की कंटेंट आयडी काढून टाका. उत्तर आलं, "कृपया हक्कधारकाशी संपर्क साधावा." अहो, हक्कधारकच लिहितोय! मग प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) मागितला. तो दिला, तर ज्या ज्या व्हिडिओवर क्लेम आहे त्यांची यादी मागितली. यादी पाठवली, तर "प्रतिसाद न मिळाल्यामुळे तक्रार बंद करत आहोत". नवी तक्रार, नवा क्रमांक, परत पहिल्यापासून. फोन नंबर कुठेच नाही. टिक लावायला एक क्षण पुरतो आणि ती काढायला माणूस सापडत नाही, ही व्यवस्था कलाकारांच्या भल्याची म्हणून विकली जाते, याचा मला अजून राग येतो. क्लेम शेवटी उठले, पण तोवर रिलीजची गडबड ओसरली होती.

म्हणून माझं ठाम मत: खेळाचं संगीत कंटेंट आयडीत जाऊच नये. काही लोक म्हणतील, चॅनेल व्हाइटलिस्ट करता येतात, म्हणजे ठरावीक चॅनेलना क्लेममधून वगळता येतं. येतात, पण तुम्हाला माहीत असलेले चॅनेल. तुमचा खेळ स्वतःहून विकत घेऊन व्हिडिओ टाकणाऱ्याचं काय? तोच तर तुम्हाला हवा असतो.

आणखी एक अडचण आहे. तुमच्या संगीतकाराने सॅम्पल लायब्ररीतले तयार लूप (कुणालाही विकत मिळणारे छोटे संगीताचे तुकडे) वापरले असतील (बहुतेक जण वापरतात आणि त्यात काही गैर नाही), तर तेच लूप जगात इतरांनीही वापरलेले असतात. ज्यावर फक्त आपलाच हक्क आहे असंच संगीत कंटेंट आयडीला द्यायचं असतं. तसं नसताना दिलं तर ज्यांचा तुमच्या खेळाशी काही संबंध नाही, अशांनाही क्लेम जातात. उलटंही होतं: दुसऱ्या कुणीतरी तोच लूप नोंदवलेला असतो आणि क्लेम तुमच्या ट्रेलरवर येतो. त्यामुळे कुठल्या तुकड्यात काय बाहेरचं आहे, ही यादी आत्ताच मागून घ्या.

आता कागदाचं. मी वकील नाही, छोट्या टीमचा अनुभव सांगतोय. सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवाच. पण व्हॉट्सअ‍ॅपवर "हो दादा, सगळे राइट्स तुमचे" एवढ्यावर राहू नका. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फ्रीलान्स संगीतकाराने केलेली रचना मुळात त्याची असते, पैसे दिले म्हणून ती आपोआप तुमची होत नाही. पगारी नोकराची गोष्ट वेगळी. हक्क हस्तांतर करायचे तर लेखी आणि त्याच्या सहीने. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट कलम 19 मध्ये आहे: मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्टीमवरचा खेळ जगभर विकला जातो आणि पाच वर्षांनंतरही विकला जातो. म्हणजे "सर्व हक्क" असं मोघम लिहून तुमचं काम भागत नाही. मुदत, प्रदेश आणि कशाकशासाठी (खेळ, ट्रेलर, पुढचे भाग, दुसऱ्या कन्सोलवरची आवृत्ती) हे शब्दांत हवं. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, अशीही तरतूद आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. दोन-दोन वर्षं रखडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

सगळे हक्क विकतच घेतले पाहिजेत असं मी अजिबात म्हणत नाही. उलट छोट्या बजेटमध्ये ते मागणं मला अन्यायाचं वाटतं. खेळात आणि जाहिरातीत कायमचा, जगभरचा वापर तुमचा, अल्बम त्याचा, हा मध्यम मार्ग दोघांनाही परवडतो. आणि "खेळ चालला तर वाटा देऊ" या बोलीवर कुणाकडून काम करून घेऊ नका. तुम्ही अर्धे पैसे आधी दिलेत, ते उत्तम केलंत.

तुमचा संगीतकार आयपीआरएसचा (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी भारतातली संस्था) किंवा परदेशातल्या अशा कुठल्या संस्थेचा सभासद आहे का, तेही विचारा. सभासद होताना काही हक्क संस्थेच्या नावावर केलेले असतात, आणि जे त्याच्याकडे उरलेलेच नाहीत ते तो तुम्हाला देऊ शकत नाही. यात भांडण्यासारखं काही नाही, कागदावर तशी नोंद हवी इतकंच. तुम्ही लिहिलंय की एका तुकड्यात खरा बासरीवादक वाजवून गेलाय. त्याचीही लेखी संमती लागेल, कलाकाराचे हक्क वेगळे असतात. संगीतकाराची सही त्याला लागू होत नाही.

थोडं विषयांतर. पोस्टच्या शेवटी तुम्ही म्हणालात की लूप फिरताना, म्हणजे तुकडा संपून परत सुरू होताना, मध्ये "टक्" होतं. संगीतकाराने एमपीथ्री पाठवल्यात का? एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता भरली जाते, त्यामुळे लूप सहसा नीट जुळत नाही. वेव्ह मागा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. मिनिटाला साधारण 17 एमबी होतात, खेळात घालताना ऑग (लहान आकाराचा फाइल प्रकार) करून टाका. तरीही शेवट तुटल्यासारखा वाटला तर दोष घुमाऱ्याचा (रिव्हर्बचा) आहे: शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, फाइलबरोबर कापली जाते. तानपुरा असेल तर ते फारच खुपतं. उपाय सोपा आहे. त्याला तुकडा सलग दोनदा वाजवून फक्त दुसरी फेरी एक्सपोर्ट करायला सांगा. पहिल्या फेरीची आस दुसरीच्या सुरुवातीवर आलेली असते, जोड कळत नाही. कापायचं ते बरोबर मात्रेवर. 120 च्या लयीत चार मात्रांचा बार दोन सेकंदांचा, म्हणजे 32 बारची फाइल 64 सेकंदांचीच हवी, 64.3 नाही.

शिवाय वाद्यांचे स्टेम (प्रत्येक वाद्याची स्वतंत्र फाइल) वेगवेगळे घ्या, आत्ता गरज नसली तरी. आणि कुठे एआयने केलेलं संगीत आहे का, हे स्पष्ट विचारा. जानेवारी 2024 पासून स्टीमवर ते जाहीर करावं लागतं आणि फॉर्म तुमच्या सहीने जातो.

आज रात्री त्याला एवढंच लिहा: "अल्बम नक्की टाक, आम्हीही लिंक देऊ. फक्त डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्ये यूट्यूब कंटेंट आयडी, आणि फेसबुक-इन्स्टासाठी असं काही असेल तर तेही, बंद ठेव. सबमिट करण्याआधी स्क्रीनशॉट पाठव. करारातही ही ओळ घालू." हे ऐकून चांगला माणूस चिडत नाही. त्याने आधीच अल्बम चढवून टाकला असेल तर डिस्ट्रिब्यूटरकडे कंटेंट आयडी लगेच काढायची विनंती द्यायला सांगा, रिलीजची वाट बघू नका, त्यांच्याकडे वेळ लागतो. की पाठवताना चॅनेलवाल्यांना संगीत क्लेममुक्त आहे असं लिहून द्या, पण आधी स्वतःच्या चॅनेलवर तंबूसारखा एखादा पूर्ण प्रसंग अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा) टाकून दोन-तीन दिवस बघा, क्लेम येतोय का. आला तर इथे लिहा, तक्रारीचा मजकूर माझ्याकडे तयार आहे, देतो.