सेप्सिसमध्ये मेंदू फक्त भरडला जातो, की त्याचाही हात असतो?

आपल्या वडिलांना लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झाला, ताप फारसा नसतानाच ते असंबद्ध बोलू लागले, सीटी स्कॅनमध्ये काहीच निघाले नाही आणि दोन दिवसांत मूत्रपिंडांचे काम ढासळले. म्हणून आपण विचारता की, या आजारात मेंदू केवळ भरडला जातो, की त्याचाही काही हात असतो. अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

२०१६ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव जिवावर बेतण्याइतके निकामी होऊ लागणे, म्हणजे सेप्सिस. प्रतिसादाचा हा ताल सांभाळणाऱ्यांत मेंदू आहे. रक्तातील दाहक रेणूंची वर्दी त्याला दोन वाटांनी मिळते: मेंदूच्या खोडातील ज्या जागी रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा विरळ असतो तेथून, आणि छाती-पोटातून वर जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून. ताप, अन्नावरची वासना जाणे, अंथरुणाला खिळणे या सगळ्यांमागे मेंदूचाच हुकूम असतो.

खरी गंमत परतीच्या वाटेत आहे. २००० साली अमेरिकेत केव्हिन ट्रेसी या संशोधकांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचे विष टोचून त्यांच्या व्हेगसला विजेने चेतवले, तेव्हा टीएनएफ या दाहक रेणूचे प्रमाण घटले आणि रक्तदाब कोसळणे टळले. पुढे साखळी उलगडत गेली: व्हेगसचा संदेश प्लीहेकडे, म्हणजे पाणथरीकडे जाणाऱ्या मज्जातंतूपर्यंत पोहोचतो, तेथील काही टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सोडतात आणि त्यामुळे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी टीएनएफ बनवणे आवरते घेतात. २०२४ मध्ये चार्ल्स झुकर या मेंदूसंशोधकांच्या गटाने मेंदूच्या खोडातील नेमक्या कोणत्या पेशी हा लगाम धरतात, हे उंदरांत दाखवले. त्या पेशी गप्प केल्या की दाह हाताबाहेर जाई आणि चेतवल्या की विषाची एरवी प्राणघातक ठरणारी मात्राही बरेच उंदीर पचवत.

उंदरांतले हे चित्र इतके सुबक आहे की ते पाहून हुरळून जाण्याचा मोह होतो. पण आमच्या पिढीला जुना चटका आठवतो. टीएनएफविरोधी प्रतिपिंडांनी १९८७ मध्ये बबून माकडांना सेप्टिक शॉकमधून, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेतून, वाचवले होते, मात्र माणसांवरील मोठ्या चाचण्यांत सेप्सिससाठी त्यांनी निराशाच केली आणि शेवटी ती संधिवातात कामी आली. व्हेगसचेही आतापर्यंत तसेच दिसते: ती चेतवणाऱ्या, शरीरात बसवण्याच्या उपकरणाला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली तीही संधिवातासाठीच. शिवाय लगाम फार आवळणेही धोक्याचे असते. मोठ्या पक्षाघातानंतर मेंदूकडून प्रतिकारशक्ती दबते आणि न्यूमोनिया सहज जडतो. सेप्सिसचे कित्येक रुग्णही पहिल्या वादळातून सावरतात आणि पुढच्या आठवड्यांत नव्या संसर्गाला बळी पडतात.

मूत्रपिंडांविषयी सांगायचे तर, त्यांच्या ऱ्हासाला अनेक कारणे असतात, पण मेंदूशी जोडलेला एक धागा स्पष्ट आहे. रक्तवाहिन्या आवळणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमस या भागात बनते आणि त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीत साठते. शॉक लांबला की रक्तातील त्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच खाली जाते, रक्तदाब आणखी उतरतो आणि मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडते. रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनॅलिन हे औषध पुरत नाही तेव्हा व्हॅसोप्रेसिन बाहेरून देतात, ते याच कारणासाठी. आपल्या कागदांवर दिसणारे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइडही मेंदू, पिट्युटरी आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी या साखळीची उणीव भरून काढण्यासाठीच असावे.

सीटी स्वच्छ येण्यात नवल नाही. हा बिघाड पेशींच्या पातळीवरचा असतो: रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा गळू लागतो, मेंदूतील रक्षक पेशी चवताळतात, संदेशांची देवाणघेवाण विस्कटते. गाठ किंवा रक्तस्राव असेल तर तो स्कॅनमध्ये दिसतो, यातले काही मात्र उमटत नाही. वृद्धांत अचानक आलेला भ्रम हेच कित्येकदा सेप्सिसचे पहिले लक्षण असते, तापाच्याही आधी. "वयामुळे बरळतात" म्हणून ती रात्र घरी काढली जाते, हे मी फार वेळा पाहिले आहे. आता वडिलांना चष्मा आणि श्रवणयंत्र वेळच्या वेळी लावा, दिवसा उजेड व रात्री अंधार राहू द्या, ओळखीचे माणूस जवळ बसवा, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. स्मरण आणि लक्ष पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात. काही जणांत थोडी उणीव कायम राहते, म्हणून तीनेक महिन्यांनी त्यांची स्मरणशक्ती एकदा रीतसर तपासून घ्या.