किडनी प्रत्यारोपणानंतर भावाचं वजन भराभर वाढतंय, काय करावं?

पाच महिन्यांत नऊ किलो वाढले आणि ओळखीच्या कुणीतरी वजन उतरवायची पावडर सुचवली, असं तुम्ही लिहिलंय. ती पावडर कृपा करून देऊ नका. मी आईच्या किडनीवर जगतेय, म्हणून कळकळीने सांगते. अशा डब्यांत, काढ्यांत नेमकं काय असतं ते कळत नाही आणि त्यातल्या कशानेही टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली पातळी वरखाली होऊ शकते. पपनसासारखं साधं फळसुद्धा ती वाढवतं. गुळवेलही नको. ती प्रतिकारशक्ती चेतवते आणि आपल्या गोळ्या तीच दाबून ठेवतात.

भावाला खादाड म्हणू नका. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने भूक खरंच खवळते. त्यात डायलिसिसच्या दिवसांत पाणीही मोजून प्यायलेलं असतं, तोंडाची चव गेलेली असते. ती परत येते आणि घरचे कौतुकाने वाढत राहतात. माझी आई येता-जाता शिरा करायची, मला नाही म्हणवत नसे. स्टेरॉइडचा डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात. वजनासाठी आपण एकही गोळी कमी करायची नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून लिहून ठेवा. एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं, पाय सुजले, लघवी कमी झाली, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, फोन करा. ताप आला तरीही.

जेवणात मी भाकरी, भरपूर भाजी आणि नीट शिजवलेली उसळ ठेवली, भात वाटीभरच. कच्चे मोड आणि बाहेरची पाणीपुरी जंतुसंसर्गाच्या भीतीने बंद, पापड-लोणचं मिठामुळे. उपवासाची साबुदाणा खिचडी वजन आणि साखर दोन्ही वाढवते. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे नव्याने मधुमेह होऊ शकतो, तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासत राहा.

आई आणि मी संध्याकाळी जोडीने चालतो. तिलाही आता एकाच किडनीवर राहायचंय, वजन तिनेही सांभाळायला हवं. भावाला डॉक्टरांच्या परवानगीने हळूहळू चालणं वाढवू द्या. कबड्डी-कुस्ती मात्र नको. नवी किडनी ओटीपोटात असते, तिला बरगड्यांचा आडोसा नसतो. चालून गुडघे दुखले तर दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्यांनी किडनीला इजा होते.