१९८४ च्या प्रीमियर पद्मिनीत (जुन्या फियाटमध्ये) इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या, वायरवर विचित्र कनेक्टर आहे आणि गाडी गरम झाली की बंद पडते. तसा कनेक्टर मुंबईत कुठे मिळेल?

तसा कनेक्टर शोधूच नका. कॉइलवर चपटी पिन, तिच्या पाठीवर दुसरी पिन, आणि त्या दुसरीतून निघालेली वायर कुठेच न जाता टेपमध्ये गुंडाळलेली, असं तुम्ही लिहिलंय. ही कंपनीची वस्तू नाही. कधीतरी कोणीतरी सीएनजी किट बसवताना कॉइलच्या प्लसवरून सप्लाय उचलला, पुढे किट निघालं आणि जोड तिथेच राहिला. किट कधी नव्हतंच म्हणत असाल, तर चोरीच्या भीतीने लपवलेल्या स्विचचा अवशेष असेल. ती टेपमधली वायर उघडी पडून बॉडीला लागली तर काय होईल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. जुन्या फियाटमध्ये इग्निशनच्या लाइनला फ्यूज नसतो. थेट हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरिंगचा अख्खा जुडगा, जळते.

हाच प्रकार गिरगावातल्या एका पद्मिनीत होता आणि त्यावरून आमचे मेव्हणे आणि मी अजून भांडतो. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये गेला की गचके, मग बंद. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. मेव्हण्यांचं निदान ठरलेलं: कॉइल. नवी कॉइल बसली, मग कंडेन्सर, मग पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच), मग पेट्रोल पंप. फरक शून्य. वायरिंग त्यांनी तपासली होती म्हणे. चावी ऑन करून कॉइलच्या प्लसवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट आले, वायरिंग पास.

अशा मोजमापाला काही अर्थ नाही. इंजिन थांबताना पॉइंट उघडे राहिले असतील तर कॉइलमधून करंटच वाहत नाही, आणि करंट नसेल तर एका केसाएवढ्या तारेतूनही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तोटी बंद असली की कुजक्या पाइपातही प्रेशर दिसतंच. लोड टाकून मोजायला हवं. कॉइलच्या निगेटिव्हवरून (काहींवर १ लिहिलेलं असतं, जुन्या लुकास कंपनीच्या कॉइलवर सीबी) एक वायर इंजिनच्या धातूला टेकवा, म्हणजे पॉइंट बंद असल्यासारखं होतं. मग चावी ऑन करून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या पोस्टवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं कॉइलच्या प्लसवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. त्या गाडीत २.१ आला.

आता मागे मागे यायचं. इग्निशन स्विचच्या आउटपुटपर्यंत ०.३ होता, म्हणजे स्विच बरा. उरलेले १.८ त्या एका दुहेरी पिनेत. ३ ओहमच्या कॉइलमधून साधारण साडेतीन अँपिअर जातो, म्हणजे जोडात अर्धा ओहम बसलेला. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत खाली येते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते, त्यामुळे त्या अर्ध्या ओहमनेच ठिणगीची जवळजवळ ३० टक्के ताकद जाते. गरम झाल्यावर पितळी पिनेची पकड ढिली पडते, विरोध वाढतो, त्याने ती आणखी तापते. सीएनजीवर असताना हे आधी जाणवतं, कारण गॅस पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं.

दुरुस्ती: दुहेरी पिन फेकून द्या आणि वायर मागे सोलत जा. मुंबईच्या दमट, खारट हवेत हिरवा गंज इन्सुलेशनच्या आत सरकतो, तारा काळ्या निघतात. तांबं चमकेपर्यंत कापा. लांबी कमी पडली तर मध्ये जोड देऊ नका, स्विचपासून कॉइलपर्यंत १.५ चौरस मिलीमीटरची नवी ऑटो केबल ओढा. घराच्या वायरिंगची एकेरी जाड तार चालणार नाही, इंजिनच्या थरथरीने तुटते. कॉइलला नट असेल तर गोल थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी कडी), चपटा टॅब असेल तर ६.३ मिलीमीटरची फिमेल पिन, कल्हई केलेली. लाल स्लीव्हची १.५ पर्यंत, निळी १.५ ते २.५ साठी. पिन घट्ट बसली पाहिजे. हाताने सहज निघाली तर तीही बाद.

आणि डाग देऊ नका. मेव्हण्यांचा जीव सोल्डरिंगमध्ये अडकलेला आहे, "डाग दिला की विषय संपला" म्हणतात. कथील तारांच्या आत शोषलं जातं, तेवढा तुकडा कडक होतो, आणि तो जिथे संपतो बरोब्बर तिथे वायर तुटते. वरून स्लीव्ह असल्यामुळे दिसत नाही. त्याऐवजी पिन क्रिम्प करा, म्हणजे वायरवर दाबून बसवा. पक्कडीने चेपणं म्हणजे क्रिम्पिंग नव्हे. रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल घ्या, चेपल्यावर जोरात ओढून बघा. सरकली तर पुन्हा करा. (वायर क्लिपने धरलेली असेल, लोंबकळत नसेल, तर डागही टिकतो, हे मान्य. पण कॉइलजवळ ती कधी धरलेली असते?)

एवढं करूनही बंद पडली तर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा डबा) उघडा. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारी डबी) असेल तर आतली प्लेट हलते आणि पॉइंटकडे जाणारी छोटी लवचिक वायर इन्सुलेशनच्या आत तुटते, बाहेरून धडधाकट. पॉइंट बदलताना वायरची कडी फायबर वॉशरच्या चुकीच्या बाजूला गेली तर कायमचं अर्थिंग, ठिणगीच नाही. कंडेन्सर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड. डिस्ट्रिब्युटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह, लोडवर ०.२ व्होल्टच्या वर नको. कॉइलही मोजा: दीड ओहमची कॉइल बाहेरच्या रेझिस्टरशिवाय बसवलेली असेल तर ती स्वतः तापते आणि पॉइंटही जाळते. तसं असेल तर तेवढ्यापुरते मेव्हणे बरोबर ठरतील.

थिंबल, पिना, केबल लोहार चाळीत मिळेल. पद्मिनीचा मूळ कनेक्टर ब्लॉक किंवा जुनी हार्नेस हवी असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, पण जुनी हार्नेस विकत घेणं म्हणजे दुसऱ्याचा गंज विकत घेणं. आणि कोणी "बॅटरीवरून डायरेक्ट वायर टाकून देतो" म्हणाला तर गाडी तिथून काढा. चावी काढूनही इंजिन चालू राहील.

टेस्टसाठी कॉइलचा निगेटिव्ह इंजिनच्या धातूला टेकवलाय तो आकडा बघून लगेच सोडवा. चावी ऑन ठेवून चहा प्यायला गेलात तर कॉइल भाजेल. वायर कापण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, लावताना ती शेवटी.